भीमेचा पूल ओलांडला तेव्हा

सकाळी सहाला मिरजगावच्या चौकातून आमची क्रूझर निघायची होती. सहा वाजून दहा मिनिटं झाली तरी गोली आली नव्हती. आठ मुली गाडीत बसून होत्या. डब्यातल्या चटणीचा वास एव्हाना सगळ्या गाडीत पसरला होता. ड्रायव्हर मामा इंजिन चालू ठेवून स्टिअरिंगवर बोटं वाजवत होते.

"बाई, पुण्यात दहाच्या आत शिरलो न्हाई तर मग ट्रॅफिकमधी हाल हायेत," ते म्हणाले.

त्या वर्षी सतरा वर्षांखालच्या मुलींची जागतिक फुटबॉल स्पर्धा आपल्या देशात भरली होती. आपल्या मुलींचे सामने लांब ओडिशात होते, पण बाहेरच्या देशांचे काही सामने नवी मुंबईत होते आणि शाळांना पास मिळत होते. मी कर्जत तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत खेळाची शिक्षिका. माझे मिस्टर नगरला नोकरीला, मी शाळेसाठी मिरजगावात दोन खोल्या घेऊन राहायची. नगरच्या ख्रिस्ती वस्तीत मी वाढले. चर्चमागच्या मैदानावर मुलगे फुटबॉल खेळायचे आणि कुणी कमी पडलं की मला गोलमध्ये उभं करायचे. तेवढ्या शिदोरीवर मी खो-खोच्या गावात मुलींचा फुटबॉल सुरू केला होता. मैदान म्हणजे मुरूम आणि काटे. मुलींनी खरं हिरवं मैदान फक्त मोबाईलवर पाहिलं होतं. त्यांना ते एकदा डोळ्यांनी दाखवायचं, एवढंच माझ्या मनात होतं. सोबत येणार होत्या त्या दुसऱ्या बाई आदल्या दिवशी तापाने आडव्या पडल्या, तरी मी बेत मोडला नाही.

सव्वासहाला गोली धावत आली. नववीतली मुलगी, वर्गात सगळ्यांत उंच, हात लांबलचक; आमची गोलकीपर, म्हणून सगळे तिला गोलीच म्हणायचे. केस ओले, हातात प्लॅस्टिकची पिशवी. "बाई, कागद," म्हणत तिने घडी केलेलं संमतिपत्र माझ्या हातात कोंबलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसली.

मी घडी उघडली. वडिलांच्या सहीच्या जागी निळ्या शाईत सही होती, स्वच्छ, वळणदार. त्यातला 'र' खाली शेपटी काढलेला. असा 'र' मी तिच्या वहीत शंभर वेळा पाहिला होता. मला ते दिसलं. मी कागद फायलीत ठेवला आणि मामांना म्हटलं, "चला." हे मी पुढे चौकशीत सांगितलं नाही, घरीही सांगितलं नाही. म्हणून इथे आधीच सांगून टाकते.

कर्जत गेलं. राशीनला चहा झाला. मुली गाणी म्हणायला लागल्या होत्या. गोली खिडकीला डोकं लावून गप्प होती. रोज पहाटे घरचं पाणी भरून येणारी मुलगी, झोप येत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. राशीन सोडून आम्ही खेडच्या रस्त्याला लागलो आणि माझा फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

"बाई, मी बोलतोय." गोलीचे वडील. शेजाऱ्याच्या फोनवरून. "माझी पोर तुमच्या गाडीत हाय का?"

"आहे की. तुमचं संमतिपत्र आहे माझ्याकडे. सही आहे तुमची."



"मला सही येत न्हाई, बाई. मी अंगठा करतो."

मागची गाणी चालूच होती. मी हात वर करून मुलींना गप्प केलं.

"आज टोळी निघायची हाय," ते म्हणाले. "परवाची गाडी हुती, ती आजवर आली. काल सांजंला निरोप आला. चारला ट्रक यील. सोळा कोयती हायेत, समद्यांनी भांडी बांधली. तिला ठावं हाय हे. आमी झोपेतनं उठलो तर पोर गायब."

ऊसतोडीला त्यांचं घर दर वर्षी जायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता. या वर्षी घरात आठ महिन्यांचं तान्हं होतं. त्याला सांभाळायला आणि स्वयंपाकाला गोलीने बरोबर जायचं असं ठरलं होतं, हे मला त्या फोनवर कळलं. धाकटी बहीण तिसरीत होती. ती मागे चुलतीकडे राहून शाळा करणार होती.

"मी उद्या दुपारपर्यंत तिला घरी आणते, भाऊ," मी म्हटलं.

"उद्या आमी हितं नसनार!" ते ओरडले. "गाडी माघारी फिरवा. आत्ताच्या आत्ता."

तोवर भीमेचा पूल आला होता. मामांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पुलाच्या अलीकडेच गाडी कडेला घेतली. उजनी धरणाचं पाणी पार वरपर्यंत चढलं होतं, कोळ्यांच्या होड्या लांब दिसत होत्या. पलीकडचा काठ पुणे जिल्ह्याचा. फोन कधी कट झाला होता ते मला कळलं नाही.

मी खाली उतरले, गोलीलाही उतरवलं.

"सही कुणी केली?"

तिने मान खाली घातली.

"ट्रक आजच आहे हे तुला माहीत होतं?"

"रात्री कळलं." मग जरा वेळाने, "बाई, मी उद्या परत येणारच होते. परवाची गाडी होती. मी समदा हिशेब केला हुता. मॅच बघायची, उद्या यायचं, भांडी घासायची आन् जायचं."

"मग रात्री कळल्यावर सांगायचं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही घेतलं नसतं."

ते खरं होतं.

मामा खाली उतरून जवळ आले. "बाई, फिरवायची तर आत्ता फिरवा. दोन तासांत घरी सोडतो. पन मग ह्या पोरींची मॅच गेली." ते गाडीकडे न बघता बोलले. आठ तोंडं काचांना चिकटली होती. "न्हाईतर भिगवनमधनं हिला यष्टीत बसवून द्या."

एकटी पंधरा वर्षांची मुलगी, दोन गाड्या बदलून. भिगवणला राशीनची एसटी केव्हा मिळेल ते मलाही माहीत नव्हतं. मी हे मनात मोजत होते तेवढ्यात ती बोलली.

"माझी थोरली बहीन दोन वर्षांमागं अशीच गेली, बाई. सहा महिन्यांसाठी. तिथं टोळीच्या कोपीवरच तिचं लग्न ठरवलं. ती परत आलीच न्हाई." तिचा आवाज हलला नाही. "मला जायचंय. मी न्हाई म्हनत न्हाई. मॅच बघून जाते."

मी तिथे किती वेळ उभी होते सांगता येत नाही. एक ट्रॉली गेली, एक दुधाचा टेम्पो गेला. मी काही थोर विचार केला असं मला म्हणता येणार नाही. एक भीती होती की ही मुलगी आज परत गेली तर तिला पुन्हा बघणार नाही. आणि आठ मुलींसमोर गाडी फिरवायची लाजही होती. यातलं जास्त काय होतं ते देवाला माहीत.

मी वडिलांच्या त्याच नंबरवर फोन लावला. "भाऊ, मी तिला घेऊन पुढे जातेय. ट्रक गेला तरी मी स्वतः तिला कारखान्यावर आणून सोडीन. माझा शब्द."

"बाई, तुमी शिकलेली मानसं," ते आता ओरडत नव्हते, त्यामुळे जास्त भीती वाटली. "माझी पोर मला न इचारता न्येली. ह्येला काय म्हनत्यात ते मी चौकीत जाऊन इचारतो."

आम्ही पूल ओलांडला.

पुढचा रस्ता मला तुकड्यातुकड्याने आठवतो. सोलापूर हायवेला लागल्यावर मुलींनी पुन्हा गाणी म्हटली नाहीत. पुण्याच्या अलीकडे मुख्याध्यापकांचा फोन आला.

"मॅडम, तो माणूस शाळेत आलाय. बरोबर दहा-बारा जण आहेत. काय सांगू मी त्यांना?"

"सांगा की मुलगी सुखरूप आहे, सर. माझ्याबरोबर आहे."

"तुम्ही आधी परत फिरा. हा माझा लेखी आदेश समजा."

"सर, आम्ही पुण्यात आलोय."

"पुण्यात आलात म्हणजे काय? पुण्याहून रस्ता परत येत नाही?"

त्यांनी फोन ठेवला. सर तसे वाईट नव्हते. शाळेच्या फाटकात दहा माणसं उभी असताना त्यांनी दुसरं काय बोलायचं होतं? मी पुढे-पुढे जात होते आणि प्रत्येक किलोमीटरच्या दगडाला माझी बाजू लंगडी होत होती. गोली खिडकीबाहेर बघत बसली होती. तिच्या शेजारच्या मुलीने तिच्या हातावर हात ठेवला होता आणि तो हात घाटापर्यंत तसाच होता.

घाटात गाड्या अडकल्या होत्या. एक ट्रेलर बंद पडला होता. दीड तास आम्ही एकाच वळणावर उभ्या. वरून पावसाची भुरभुर. एका मुलीला उलटी झाली. दुसरीने विचारलं, "बाई, पोलीस आपल्याला धरायला येतील का?" मी "नाही गं" म्हटलं, पण मागून सायरन ऐकू आला तेव्हा मी वळून पाहिलं. रुग्णवाहिका होती. मामांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली.

स्टेडियमच्या फाटकाशी पोहोचलो तेव्हा सामना सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती. पास दाखवले, पिशव्या तपासल्या, पाण्याच्या बाटल्या काढून घेतल्या. जिन्याने वर चढलो आणि एका दारातून आत गेलो, तिथे मुली थबकल्या. मागून लोक ढकलत होते तरी कुणी हलेना. खाली ते हिरवं मैदान दिव्यांच्या उजेडात पसरलं होतं. एका मुलीने मला हळूच विचारलं, "बाई, ह्याच्यावर चप्पल घालून चालू देतात का?"

एक संघ पांढऱ्यात, एक गर्द निळ्यात. सगळ्या माझ्या मुलींएवढ्या. ते बघून माझ्या पोरी सगळ्यांत जास्त चकित झाल्या. टीव्हीवर दिसणारी माणसं मोठी असतात, इथे एकीचे केस तेल लावून घट्ट बांधल्यासारखे, एकीच्या गुडघ्याला पट्टी.

गोली कठड्याजवळ जाऊन उभी राहिली. चेंडू कुठेही असो, ती जवळच्या गोलमधल्या पोरीकडे बघत होती. ती पोरगी चेंडू लांब असतानाही पुढे-मागे सरकायची आणि सतत ओरडायची, हातांनी आपल्या मुलींना इकडे हो, तिकडे हो करायची.

"बाई, ती सारखी बोलतीय," गोली म्हणाली. "गप्पच बसत न्हाई. मी तर नुस्ती उभी राहते."

"तिला सगळं मैदान समोर दिसतं ना. पुढच्यांना मागचं दिसत नाही."

"हे तुम्ही कधी सांगितलं न्हाई."

"मला माहीत नव्हतं," मी म्हटलं. खरंच नव्हतं. मी जो फुटबॉल खेळले त्यात गोलकीपरने चेंडू अडवायचा, एवढंच होतं.

त्यानंतर तिचे हात कठड्यावर हलायला लागले. त्या पोरीने डावीकडे हात केला की हिचाही जायचा. ते बघत बसावंसं वाटत होतं, पण माझा जीव पर्समधल्या फोनमध्ये होता. चार वाजून गेले होते. ट्रक आला असेल. मी फोन काढला. सतरा मिस्ड कॉल.

अर्ध्या खेळाला शिटी वाजली तेव्हा मी गोलीला हाताला धरून जिन्याच्या कोपऱ्यात नेलं आणि शेजाऱ्याचा नंबर लावला. तिच्या आईने उचलला.

"बाई, गाडी आलीया. समदे चढल्यात. धा मिनटं थांबत्यात म्हनले, त्येबी झाली." मागे ट्रकचा हॉर्न वाजत होता. तान्हं रडत होतं. "तिला द्या फोन."

गोलीने फोन कानाला लावला, दुसऱ्या कानात बोट घातलं. मला फक्त तिचं बोलणं ऐकू येत होतं.

"व्हय... व्हय... खाल्लं." मग बराच वेळ नुसतं ऐकणं. "कुठं ठिवलंय?... बरं... आई, मी..." एवढं बोलून ती थांबली, आणि तिचे खांदे हलायला लागले. मी फोन घेतला. पलीकडे आता वडील होते.

"बाई, आता ती तुमची. संबाळा."

फोन बंद झाला. मी पुन्हा लावला. पुन्हा लावला. शेजाऱ्याने उचलला आणि म्हणाला, ट्रक गेला.

"आई काय म्हणाली?" मी विचारलं.

"जेवलीस का म्हनाली. पीठ शेजारी ठिवलंय म्हनाली." तिने नाक पुसलं. "रागावली न्हाई, बाई. रागावली असती तर बरं झालं असतं."

खेळ पुन्हा सुरू झाला तरी आम्ही दोघी जिन्यातच बसून राहिलो. वर एकदम गर्जना झाली, पायऱ्या थरथरल्या. कुणीतरी गोल केला होता. कुणी केला ते पाहायला आमच्यापैकी कुणी उठलं नाही. आज मला स्कोअर विचाराल तर सांगता येणार नाही. बाकीच्या आठ मुलींनी तो सामना पोटभर पाहिला, नाचल्या, परक्या देशाच्या नावाने ओरडल्या. शेवटची पंधरा मिनिटं गोली परत कठड्याशी जाऊन उभी राहिली. रडून लाल झालेल्या डोळ्यांनी ती त्या ओरडणाऱ्या पोरीला बघत होती.

पनवेलला ओळखीच्या एका शाळेत मुक्काम करून दुसऱ्या दिवशी, रविवारी, दुपारी आम्ही परतलो. चौकात मुख्याध्यापक आणि शाळा समितीचे दोघे उभे होते. मुलींचे आईबाप आपापल्या मुली घेऊन गेले. एक बाई मला म्हणाल्या, "आमच्या पोरीला पुन्हा न्यायचं नाही." माझ्याकडे लेखी खुलासा मागितला. चौकीत वडिलांनी तक्रार दिली नव्हती. ट्रकची घाई होती, असं सर म्हणाले.

गोलीला घेऊन मी तिच्या घरी गेले. दाराला कुलूप. ओट्यावर शेजारणीने पिठाचा डबा आणून ठेवला, तिने तो उचलला. मी तिला माझ्या खोलीवर आणलं. मिस्टरांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "तुला कळतंय ना, तू काय केलंस?" मी म्हटलं, "नाही कळत."

वडिलांना दिलेला शब्द डोक्यात होता. पण सोमवारी मी तो पुढे ढकलला. दोन दिवसांनी दिवाळीची सुट्टी लागणार होती, सुट्टीत बघू. खरं तर मला तिला सोडायचं नव्हतं. मी मनात तिची दहावी, नगरचं वसतिगृह, सगळं मांडून टाकलं होतं. ती सकाळी उठून माझ्या दोन्ही खोल्या झाडायची, मी नको म्हटलं तरी.

सोमवारी संध्याकाळी मला रस्त्यात प्राथमिक शाळेचे गुरुजी भेटले. "तुमच्याकडे नववीतली बहीण आहे ना?" ते म्हणाले. "धाकटी आज आली नाही. चुलतीला विचारलं तर म्हणाली, तिला घेऊन गेले. तान्ह्याला धरायला कुणी नव्हतं."

मी घरी येऊन ते सांगायचं की नाही यावर तासभर घालवला. शेवटी भाकरी थापता थापता सांगितलं. तिने तव्यावरची भाकरी उलटली. जेवली नाही.

मंगळवारी मी जागी झाले तेव्हा तिचं अंथरूण घडी करून ठेवलेलं होतं. दार नुसतं लोटलेलं. मी तशीच चप्पल अडकवून स्टँडकडे पळाले. नगरची एसटी लागली होती आणि ती दाराशी कंडक्टरला काहीतरी विचारत होती. मी तिचा दंड धरला. मला वाटतं मी तिला जोरात हलवलं.

"मला सोडा, बाई," ती म्हणाली. "ती तिसरीत हाय. तिला वाचायला येतंय."

"मीही येतेय," मी म्हटलं. दोघी चढलो.

नगरला गाडी बदलली, मग नेवाशाच्या बाजूला. कारखान्याच्या आसपास टोळ्यांचे तळ पडले होते. पाचटाच्या कोप्या, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या झोपड्या, एकीला एक लागून, शेकडो. विचारत विचारत दीड तास फिरलो. ती पुढे, मी मागे. तळावर बहुतेक म्हाताऱ्या आणि पोरंच होती, बाकीचे फडात ऊस तोडायला. एका कोपीपुढे धाकटी बसलेली दिसली. कमरेवर तान्हं. एका हाताने ती चुलीत पाचट सारत होती. आम्हाला बघून ती उठली नाही, नुसतं बघत राहिली. गोलीने जाऊन तान्हं घेतलं आणि मग धाकटी रडायला लागली.

दुपारी आईवडील फडातून आले. अंगभर उसाची कुसळं. वडिलांनी मला बघितलं, कोयता खाली ठेवला. त्यांनी मारायला हात उचलला असता तरी मला नवल वाटलं नसतं.

"आता आलासा?"

"उशीर झाला, भाऊ. माझी चूक आहे," मी म्हटलं. एवढं एकच वाक्य मी वाटेत धरून आले होते.

"मी राहते, आबा," गोली म्हणाली. "हिला बाईंबरोबर माघारी लावून द्या."

वडील तिच्याकडे बघेनात. ते घागरीतून पाणी घेऊन हात धुवत राहिले. आई चुलीपाशी बसली होती, तिने तान्ह्याला जवळ घेतलं.

"माझ्या आईला जामखेडाहून बोलावते," ती नवऱ्याला म्हणाली. "म्हातारी हाय, पन पोर धरंल. दोगींची बी शाळा नको मोडाया."

"म्हातारी हितं थंडीत मरंल."

"न्हाई मरत. तिनं उभा जल्म फडातच काढलाय."

शेजारच्या कोप्यांतली माणसं उभी राहून ऐकत होती, ते वडिलांना नको झालं असावं. मग ते पुन्हा माझ्याकडे वळले.

"सुट्टी हाय ना आता? सुट्टीत दोगी हितं राहतील. शाळा उघडली का मी सोता आनून सोडीन. तुमी न्यायला यायचं न्हाई. फोन बी करायचा न्हाई."

"आणि लग्नाचं..." मी म्हणायला गेले.

"बाई," त्यांनी मला थांबवलं. "थोरलीचं काय झालं ते मला तुमच्याकडनं ऐकायचं न्हाई."

मी एकटी परत आले. गोली मला सडकेपर्यंत सोडायला आली नाही, तिच्या कडेवर तान्हं झोपलं होतं.

ती दिवाळी मी नगरला काढली आणि कुणाशी धड बोलले नाही. समितीने मला ताकीद दिली, सहलींचं काम माझ्याकडून काढून घेतलं. शाळा उघडली. पहिला दिवस गेला. मी हजेरीच्या वेळी नववीच्या वर्गाबाहेरून उगाच दोनदा गेले. दुसरा दिवस गेला. तिसऱ्या दिवशी फोन हातात घेतला, नंबर काढला आणि ठेवून दिला. नको म्हणाले होते. त्या रात्री मी देवाशी भांडले, हे कबूल करते.

पाचव्या दिवशी दुसरी घंटा झाल्यावर फाटकात एक टेम्पो थांबला. वडील खाली उतरले. मागून दोघी. धाकटीला ते आधी प्राथमिक शाळेत सोडायला निघाले होते, पण तिला ताईचं मैदान बघायचं होतं म्हणून आणलं, असं ते शिपायाला सांगत होते. मी पायऱ्या उतरून गेले.

"चहा घ्या, भाऊ."

"गाडी थांबलीया." ते गोलीला म्हणाले, "चुलतीच्या घरी राहायचं. बाईंच्या घरी न्हाई." तिने मान हलवली. त्यांनी खिशातून रुमाल काढला, धाकटीचं तोंड पुसलं, आणि तिला घेऊन निघून गेले.

गोली दहावी झाली. आता ती नगरला बारावीनंतरचा नर्सिंगचा कोर्स करते. लग्न अजून झालेलं नाही, आणि त्यात माझं काही कौतुक नाही, त्या घरात त्यावरून किती भांडणं झाली ते तिच्या आईला ठाऊक. धाकटी सातवीत आहे आणि तिला फुटबॉलची अजिबात आवड नाही. त्यांची आजी ती थंडी काढून परत आली, पण तिचा खोकला नंतर कधी गेला नाही. वडील मला मिरजगावच्या बाजारात अधूनमधून दिसतात. मी नमस्कार करते. ते मान हलवतात आणि पुढे जातात. एकदा मी त्यांना थांबवून बोलायचं ठरवलं होतं. त्यांच्या हातात भाजीची पिशवी होती, बरोबर बायको होती, आणि माझ्याजवळ सांगण्यासारखं नवं काहीच नव्हतं.